फिजिक्सचं गणित अडलं की आधी चुकीचं उत्तर नीट बघा

टेबलावर ३ किलोचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेला बसवलेल्या कप्पीवरून खाली गेली आहे आणि तिच्या टोकाला २ किलोचं वजन लोंबकळतंय. ठोकळा आणि टेबल यांच्यातला घर्षण गुणांक ०.२, जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) १० धरायचा. त्वरण किती?

अकरावीत गतीचे नियम शिकवून झाले की या धर्तीचं गणित येतंच येतं. बरोबर उत्तर २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता समजा वर्गातल्या एकाचं उत्तर ४.६७ आलं, दुसऱ्याचं ४, तिसरीचं ३.२ आणि चौथीचं २. ही चार उत्तरं म्हणजे चार वेगवेगळ्या चुका आहेत. चौघांनाही व्हॉट्सअ‍ॅपवर एकच सोडवलेलं पान पाठवलं, तर चौघंही ते वहीत उतरवून घेतील आणि पुढच्या गणितात आपापली चूक पुन्हा करतील. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की मदत मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही बरोबर उत्तराकडे वळण्याआधी चुकीच्या उत्तरावर वेळ घालवावा. चूक कुठे झाली याचा माग त्या आकड्यातच असतो.

आधी बरोबर मांडणी. लोंबकळणाऱ्या वजनावर दोनच बलं आहेत: खाली पृथ्वीचं २० न्यूटन, वर दोरीचा ताण. ते खाली चाललंय म्हणून खालची दिशा धन धरू. २० − ताण = २ × त्वरण. ठोकळ्यावर आडव्या दिशेने दोन बलं: पुढे ताण, मागे घर्षण. उभ्या दिशेने वजन ३० आणि टेबलाचा नॉर्मल (टेबल ठोकळ्याला वर ढकलतं ते बल) ३० एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे घर्षण ०.२ × ३० = ६ न्यूटन. म्हणजे ताण − ६ = ३ × त्वरण. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की ताण उडतो, १४ = ५ × त्वरण उरतं, त्वरण २.८. ताण पहिल्या समीकरणातून २० − ५.६ = १४.४ न्यूटन. दुसऱ्यात घालून बघितला तर १४.४ − ६ = ८.४, आणि ३ × २.८ सुद्धा ८.४. जुळलं.

आता चुकांकडे. ४.६७ आणणाऱ्याने ताण सरळ २० न्यूटन धरला आणि (२० − ६) भागिले ३ केलं. ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. मुलांच्या मनात असं बसलेलं असतं की खाली २ किलो टांगलंय, म्हणजे दोरी ठोकळ्याला २० न्यूटननेच ओढणार. इथे ‘ताण २० नसतो, १४.४ असतो’ असं सांगून काही होत नाही. त्याला फक्त खालच्या वजनाबद्दल विचारायचं: पृथ्वी याला २० ने खाली ओढतेय आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे दोरी २० ने वर ओढतेय, तर हे जागचं हलायला सुरुवात तरी कशी करेल? या एका प्रश्नावर बहुतेकांची पेन्सिल आपोआप ताणाच्या आकड्याकडे जाते आणि तो खोडला जातो.

४ आणणारा घर्षण विसरला, एवढंच: २० भागिले ५. त्याची समजूत बरोबर आहे, आकृती अर्धवट आहे. ३.२ वाल्या मुलीने घर्षण काढताना ०.२ ला २० ने गुणलं, म्हणजे लोंबकळणाऱ्या वजनाचं घर्षण टेबलावर आणलं. आणि जिचं उत्तर २ आलं तिने ०.२ × ५० = १० न्यूटन घर्षण धरलं. ही मुलगी खरं तर हुशारीने चालली होती. ताण आतल्या आत उडतो म्हणून तिने दोन्ही वस्तू मिळून एकच धरल्या, ते चालतं. पण टेबलावर दाबून फक्त ३ किलो बसलंय, नॉर्मल त्याचाच. दोन्ही वस्तू एकत्र धरल्या तरी टेबल काही दोघांना उचलून धरत नाही. तिला पहिल्यापासून शिकवायला बसणं म्हणजे तिच्या चांगल्या कामावर पाणी टाकणं आहे. एक ओळ दाखवली की झालं.

हे गणित समजलं का, याची परीक्षा उत्तर पुन्हा काढून होत नाही. खालचं वजन २ किलोऐवजी अर्धा किलो करा. सूत्रात आकडे घातले तर (५ − ६) भागिले ३.५, म्हणजे उणे ०.२९ येतं. बरीच मुलं हे उणे त्वरण तसंच लिहून पुढे जातात. पण उणे त्वरणाचा अर्थ ठोकळा उलट्या दिशेने सरकून वजन वर खेचणार असा होतो, आणि घर्षण कधी स्थिर वस्तूला ढकलत नेत नाही. खरं काय होतं? काहीच होत नाही. सगळं जागच्या जागी राहतं, ताण ५ न्यूटन आणि घर्षणही ५ न्यूटन. ६ न्यूटन ही घर्षणाची मर्यादा आहे. स्थिर वस्तूवर घर्षण गरजेपुरतंच असतं. घर्षणाच्या कुठल्याही गणितात पहिली ओळ म्हणून ‘हलतं का?’ हे तपासून लिहायची सवय लावली, तर या प्रकरणातल्या कितीतरी चुका जागच्या जागी थांबतात.

विचारायला जाताना हातात काय हवं

पूर्ण प्रश्न, त्याच्या आकृतीसकट. फोटो काढताना आकृतीची कड कापली गेली किंवा ‘जी = ९.८ घ्या’ ही तळातली सूचना राहिली, तर समोरचा माणूस वेगळंच गणित सोडवतो. पुस्तकात दिलेलं उत्तर. आणि आपली वही: एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एका वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती), समीकरणं, आणि ज्या ओळीपर्यंत आपल्याला खात्री आहे त्या ओळीखाली एक रेघ. ही रेघ फार कामाची आहे. तिच्यामुळे विचारणाऱ्याला स्वतःलाच ठरवावं लागतं की नेमकं काय अडलंय, आणि पाच-सहा ओळी खात्रीच्या निघाल्या तर अडचण किती छोटी आहे तेही कळतं. ‘हे कसं करायचं?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून पूर्ण पान येतं. ‘माझ्या आकृतीत एखादं बल राहिलंय का?’ किंवा ‘इथे नॉर्मल ३० का, ५० का नाही?’ असं विचारलं तर एका ओळीचं उत्तर येतं, आणि तीच ओळ हवी असते. फोनवरच्या चॅटबॉटला विचारतानाही हेच करा. त्याला उत्तर मागू नका, आपली आकृती शब्दांत सांगा आणि पहिली चुकलेली ओळ दाखवायला सांगा.

एफबीडी काढताना प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारायचा: हे बल कोण लावतंय? पृथ्वी, दोरी, टेबल, स्प्रिंग, हात, हवा. उत्तरात कुठल्यातरी वस्तूचं नाव आलं पाहिजे. नाव देता आलं नाही तर बाण खोडायचा. ‘वस्तुमान गुणिले त्वरण’ असा बाण आकृतीत काढणारे या प्रश्नापाशी अडतात, कारण ते लावणारं कोणी नसतं. सगळ्या बलांची बेरीज म्हणजे ते. वर्तुळाकार गतीत ‘सेंट्रिपेटल फोर्स’ (केंद्राकडे ओढणारं बल) म्हणून वेगळा बाण काढण्याची चूकही अशीच पकडली जाते. दोरीला बांधून दगड फिरवला तर आत ओढणारी दोरी आहे. वळणावर गाडीला आत ढकलणारं रस्त्याचं घर्षण आहे. त्यांच्याशिवाय आणखी एक तिसरं बल कुठून येणार?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला इंग्रजी पुस्तक हातात आलेल्या मुलांची आणखी एक अडचण असते, आणि मदत करणाऱ्याला ती पटकन दिसत नाही. गणिताच्या वाक्यात समीकरणं दडलेली असतात. पृष्ठभाग ‘स्मूथ’ म्हटला की घर्षण शून्य. दोरी आणि कप्पी ‘लाइट’ असल्या आणि कप्पीच्या आसाला घर्षण नसलं की दोन्ही बाजूंना ताण सारखा. दोरी ‘इनएक्स्टेन्सिबल’ म्हणजे दोन्ही टोकांचं त्वरण सारखं. ‘रिलीज्ड’ असेल तर सुरुवातीचा वेग शून्य, मात्र वर जाणाऱ्या फुग्यातून दगड ‘रिलीज’ केला तर दगडाला फुग्याचाच वेग असतो, तिथे शून्य धरलं की गणित गेलं. ‘जस्ट बिगिन्स टु स्लाइड’ वाचलं की घर्षण मर्यादेला पोहोचलेलं. असं गणित घेऊन कोणी आलं तर आधी प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येक वाक्याला ‘म्हणजे काय शून्य? म्हणजे काय सारखं?’ विचारा. पुष्कळदा तेवढ्यावरच गणित सुटतं, फिजिक्स त्या मुलाला येत असतंच.

भागाकार करून बघा

पुस्तकाचं उत्तर आणि आपलं उत्तर जुळत नाही म्हणून पान फाडण्याआधी एकाला दुसऱ्याने भागा. गणितात नुसते गुणाकार-भागाकार असतील तर हा भागाकार बरंच सांगून जातो. १.०२ किंवा ०.९८ आला तर चूक झालेलीच नाही, एकाने जी ९.८ घेतलाय आणि दुसऱ्याने १०. १.०१ आला तर तेच, पण जी वर्गमुळाखाली आहे. ३.६ आला तर किलोमीटर प्रति तासाचं मीटर प्रति सेकंद करायचं राहिलं. १३ च्या आसपास आला तर तीच चूक वर्गात गेली: ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी ५ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने ब्रेक लावून थांबते, तिला ४०० भागिले १० म्हणजे ४० मीटर लागतात, ७२ तसेच ठेवले तर ५१८.४ येतात, आणि ५१८.४ भागिले ४० बरोबर १२.९६, म्हणजे ३.६ चा वर्ग.

१.७३ दिसला की साइन आणि कोसाइनची अदलाबदल झालीय आणि कोन ३० किंवा ६० अंशांचा आहे. १.३३ किंवा ०.७५ दिसला तर तीच अदलाबदल ३७-५३ अंशांच्या कोनात. ९.८ आला तर किलोग्रॅम आणि न्यूटन यांची गल्लत. ९.५५ आला तर मिनिटाला होणारे फेरे रेडियन प्रति सेकंद समजून घातलेत. ४ आला तर त्रिज्येच्या जागी व्यास घालून त्याचा वर्ग केलाय. २ मात्र फसवा आहे. अर्धा गुणक विसरला, त्रिज्या-व्यास गोंधळ, वर जायची वेळ धरली आणि खाली यायची राहिली, अशी त्याची बरीच कारणं असू शकतात, तेव्हा २ दिसला तर घाई न करता एकेक तपासायचं.

बेरीज-वजाबाकी असलेल्या गणितात भागाकाराबरोबर फरकही बघावा. वरच्या गणितात ४ आणि २.८ यांचा भागाकार १.४३ येतो, त्यातून काही कळत नाही. फरक १.२ आहे, आणि १.२ म्हणजे ६ भागिले ५: घर्षण भागिले एकूण वस्तुमान. काय राहिलं ते समोर आलं. ४.६७ चा भागाकार मात्र बोलतो. तो १.६७ येतो, म्हणजे ५ भागिले ३. एकूण ५ किलोच्या जागी ३ नेच भागलंय.

साइन की कोसाइन याचं पाठांतर नको, कोन शून्य करून बघा. उतार आडवा झाला तर ठोकळा घसरायला नको, म्हणजे उताराच्या दिशेने जाणारं बल शून्य व्हायला हवं. साइन शून्य हे शून्य आहे, कोसाइन शून्य १ आहे. झाला निर्णय. आकृती उलटीपालटी असो, कोन उभ्या भिंतीपासून मोजलेला असो, ही तपासणी तशीच चालते.

चिन्हांची चूक दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते

२० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून चेंडू सरळ वर १५ मीटर प्रति सेकंद वेगाने फेकला. जमिनीवर यायला किती वेळ? जी १०.

वरची दिशा धन धरली तर सुरुवातीचा वेग अधिक १५, त्वरण उणे १०, आणि विस्थापन उणे २०, कारण शेवटी चेंडू सुरुवातीच्या जागेपासून २० मीटर खाली आहे. −२० = १५ × वेळ − ५ × वेळ². पाचने भागून मांडलं की वेळ² − ३ × वेळ − ४ = ०. उत्तरं ४ आणि उणे १. घ्यायचं ४ सेकंद. तेव्हाचा वेग १५ − ४० = −२५, म्हणजे खाली २५. ऊर्जेवरून ताळा घ्या: १५ चा वर्ग २२५, त्यात २ × १० × २० = ४०० मिळवले की ६२५, वर्गमूळ २५. जमलं.

ज्याचं चिन्ह चुकतं तो साधारण दोनपैकी एक समीकरण लिहितो. पहिलं: २० = १५ × वेळ + ५ × वेळ². सगळंच धन. उत्तर १ सेकंद. हे उत्तर निरर्थक नाही. चेंडू वर न फेकता १५ च्या वेगाने खाली फेकला असता तर तो बरोबर १ सेकंदाने जमिनीवर पोहोचला असता. या मुलाने गणित बरोबर सोडवलंय, फक्त चेंडू उलटा फेकलाय. दुसरं: २० = १५ × वेळ − ५ × वेळ². इथे वर्गसमीकरण वेळ² − ३ × वेळ + ४ = ० होतं आणि ९ − १६ उणे असल्याने उत्तरच निघत नाही. मुलं इथे घाबरून आकडेमोड पुन्हा-पुन्हा तपासत बसतात. आकडेमोड ठीकच आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न असा आहे: चेंडू गच्चीच्या वर २० मीटरवर कधी पोहोचेल? तो तिथवर जातच नाही. २२५ भागिले २०, म्हणजे ११.२५ मीटर वर गेला की परत फिरतो. समीकरण खरं बोलतंय.

अशा मुलाला ‘चिन्ह चुकलं’ एवढंच सांगितलं तर तो पुढच्या वेळी सगळी चिन्हं उलटी करून बघेल. त्याऐवजी त्याचं समीकरण त्यालाच शब्दांत वाचायला लावा: तुझा चेंडू कुठून निघाला, कुठल्या दिशेने, आणि शेवटी कुठे आहे? उणे १ सेकंदाकडेही एकदा बघून घ्यावं. चेंडू जमिनीवरून २५ च्या वेगाने वर फेकला असता तर १ सेकंदाने तो गच्चीपाशी १५ च्या वेगाने वर जाताना दिसला असता. समीकरणाला आपण गच्चीवरून फेकलं हे माहीत नाही, त्याने चेंडूचा मागचा प्रवासही सांगून टाकला.

लिफ्टच्या गणितात चिन्हाची हीच गल्लत वेगळ्या रूपात येते. ६० किलोचा माणूस लिफ्टमधल्या वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट वर जातेय आणि २ मीटर प्रति सेकंद वर्ग दराने थांबत आलीय. काटा किती बल दाखवेल? ७२० न्यूटन हे उत्तर सर्रास येतं, कारण ‘वर’ हा शब्द वाचून जी मध्ये २ मिळवले जातात. वेग वर आहे, पण तो कमी होतोय, म्हणजे त्वरण खाली. ६० × (१० − २) = ४८० न्यूटन. आकृतीत वेगाचा बाण आणि त्वरणाचा बाण वस्तूच्या बाहेर, वेगवेगळ्या बाजूंना काढायला लावा. दोन्ही एकाच बाजूला काढले की ते डोक्यात मिसळतात.

लॉग टेबलचा घात

बोर्डाच्या बारावीच्या पेपरात लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. त्यामुळे फिजिक्स बरोबर असून आकडेमोडीत गुण जाणारी मुलं आपल्याकडे बरीच. १ मीटर लांबीच्या साध्या लंबकाचा आवर्तकाल काढताना ६.२८४ ला १ भागिले ९.८ च्या वर्गमुळाने गुणायचं असतं. ९.८ चा लॉग ०.९९१२. १ भागिले ९.८ चा लॉग बार १.००८८, म्हणजे १ च्या डोक्यावर रेघ. वर्गमूळ म्हणून तो अर्धा करायचा, आणि इथेच पाय घसरतो. बार १ तसाच ठेवून नुसता .००८८ अर्धा केला तर बार १.००४४ होतो, त्यात ६.२८४ चा लॉग ०.७९८२ मिळवून उत्तर ०.६३५ सेकंद येतं. बार म्हणजे उणे फक्त त्या पूर्णांकापुरता, पुढचे दशांश धनच असतात. म्हणून अर्धा करण्याआधी बार १.००८८ चे बार २ + १.००८८ असे दोन तुकडे करायचे. बार २ चा अर्धा बार १, १.००८८ चा अर्धा ०.५०४४. मिळून बार १.५०४४. त्यात ०.७९८२ मिळवले की ०.३०२६, अँटिलॉग २.००७ सेकंद. एक मीटरचा लंबक साधारण दोन सेकंदांनी झोका पूर्ण करतो हे लक्षात असलं, तर ०.६३५ लिहिताना हात थांबतो.

ज्यांच्याकडे कॅल्क्युलेटर आहे त्यांनी तो अंशांवर आहे का, हे आधी बघावं. रेडियनवर असताना साइन ३० उणे ०.९८८ येतो. एखाद्या ठोकळ्याचं त्वरण अचानक उणे आलं तर समीकरण फोडण्याआधी साइन ३० दाबून ०.५ येतो का, ते पाहणं सोपं.

एकत्र बसून सोडवताना

गटात अभ्यास करताना सगळ्यांत वेगाने सोडवणारा बोलायला लागतो आणि बाकीचे माना डोलावतात. यावरचा उपाय हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांच्या वर्गात सापडतो. ठरलेल्या साच्यातली अवघड गणितं सोडवणारी मुलं साध्या संकल्पनेच्या प्रश्नाला अडखळतात, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी शिकवण्याची पद्धत बदलली. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचं, आणि पुन्हा उत्तर नोंदवायचं. यातला कणा म्हणजे बोलण्याआधी स्वतःचं उत्तर ठरवून ते नोंदवणं. चार जणांच्या गटातही हे सहज करता येतं: पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने एफबीडी काढायचा, मग चारही वह्या टेबलावर ठेवायच्या. आकृत्यांमध्ये जिथे फरक दिसेल तिथूनच चर्चा सुरू. चारही सारख्या असतील तर चर्चेची गरज नाही, आकडेमोड करून टाका.

अशा चर्चेला प्रश्नही तसे लागतात. भरलेला ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकले, कोणावर जास्त बल बसलं? गटात हमखास दोन तट पडतात. दोघांवर सारखंच बल बसतं, तिसरा नियम. कारचं नुकसान जास्त होतं, कारण ट्रकचं वस्तुमान दहापट असेल तर तेवढ्याच बलाने कारला दहापट त्वरण मिळतं. ‘बल सारखं’ हे पाठ असणारा मुलगा ‘मग कारचाच चुराडा का?’ या प्रश्नावर गप्प बसतो, आणि ज्याला उत्तर चुकीचं वाटत होतं तोच पुष्कळदा त्याला वस्तुमानापर्यंत आणून सोडतो.

जो समजावून सांगतोय त्याने पेन हातात घेऊ नये. आपल्या हातात पेन आलं की दोन मिनिटांत गणित संपतं आणि समोरचा फक्त बघत राहतो. प्रश्न विचारा, थांबा, त्याला लिहू द्या. शांतता लांबली तरी मध्ये बोलू नका. पहिली चुकलेली ओळ सापडली की तिथेच थांबा, तिच्या खालच्या चुका सध्या सोडून द्या. वरची सुधारली की त्यातल्या बऱ्याच आपोआप जातात. कधीकधी थेट सांगणंही बरोबर असतं. एखादं सूत्र आठवत नसेल किंवा एकक माहीत नसेल तर त्याचं कोडं करू नये, सांगून टाकावं. ज्याला विचार करून पोहोचता येईल तेवढंच विचारावं.

मदत मिळाल्यावर ते पान मिटवून ठेवा आणि थोड्या वेळाने कोऱ्या कागदावर गणित पहिल्यापासून करा. मध्ये जिथे पान उघडावंसं वाटलं ती जागा म्हणजे अजून कच्ची राहिलेली जागा. मग एखादी गोष्ट बदला: घर्षण काढून टाका, दोरी तिरकी ओढा, उताराचा कोन वाढवा. १० किलोची पेटी ४० न्यूटनने आडवी ओढली आणि घर्षण गुणांक ०.२ असला तर त्वरण २ येतं. तेच बल ३० अंश वरच्या दिशेने लावलं तर पुढे ओढणारं बल ३४.६ वर येतं, पण नॉर्मलही १०० चा ८० होतो, घर्षण १६ वर उतरतं आणि त्वरण १.८६ मिळतं. तेच बल ३० अंश खाली दाबून ढकललं तर नॉर्मल १२०, घर्षण २४, त्वरण १.०६. नॉर्मल म्हणजे कायम वजनाइतकाच, ही समजूत घालवायला एवढं एक गणित तीन प्रकारे करणं पुरेसं आहे.

आणि पुस्तकाच्या मागचं उत्तर चुकीचं असू शकतं, विशेषतः नव्या गाइडांच्या पहिल्या आवृत्त्यांमध्ये. पण तसं म्हणण्याआधी आपलं उत्तर सगळ्या मूळ समीकरणांत घालून बघा, एककं तपासा, कोन शून्य आणि नव्वद करून बघा, आणि आपली वही न बघितलेल्या दुसऱ्या कोणाकडून तेच गणित स्वतंत्रपणे सोडवून घ्या. दोघांचं जुळलं आणि पुस्तकाचं नाही जुळलं, तर त्या उत्तराशेजारी पेन्सिलीने आपला आकडा लिहा, शिक्षकांना दाखवा आणि पुढचं गणित घ्या.